मावशी बघतेय हं

"वहिनी, याला डोळे काढून द्याल का?"

शर्वरीने विचारलं तेव्हा माझ्या हातात सगळ्यात बारीक ब्रश होता आणि समोरच्या अडीच फुटी गणपतीची उजवी पापणी अर्धीच झाली होती. आखणी चालू असताना, म्हणजे डोळे काढत असताना, आमच्या कारखान्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. साक्षात माझ्या नवऱ्याची छाती होत नाही. पण ही पुण्याची पोरगी, तिला कोण सांगणार? मी पापणी पुरी केली, ब्रश पुसला आणि मग मान वर केली.

ती दारात उभी होती आणि तिच्या शेजारी एक पांढरा पिंप. दुसरा शब्द नाही त्याला. माझ्या कमरेएवढा, खाली चाकं, वर काळी गोल काच.

"कोणाला डोळे? या पिंपाला?"

"रोबो आहे हो वहिनी. तुमच्या पाळणाघरात दोन आठवडे आहे ना, तोच."

ते मला माहीत होतं. गणपतीचा हंगाम आला की आमच्या पेणला बायकांना जेवायला सवड नसते, तर पोरं कुठून सांभाळणार? म्हणून आमच्या गल्लीतल्या चार कारखान्यांनी मिळून आमच्या मागच्या शेडमध्ये पाळणाघर काढलं होतं. बावीस पोरं, आणि त्यांना बघायला हिराबाई आणि सुलभा अशा दोघी. शर्वरी कुठल्याशा कॉलेजात यंत्रांवर अभ्यास करत होती. लहान मुलं यंत्राला काय समजतात हे तिला बघायचं होतं. आमच्या पोरांइतकी धट्टीकट्टी आणि दिवसभर हाताशी असलेली पोरं तिला दुसरीकडे कुठे मिळणार होती?

"मुलं ऐकतच नाहीत त्याचं," ती म्हणाली. "तो गाणी म्हणतो, गोष्टी सांगतो, विचारलं तर उत्तर देतो. पण सगळी त्याला डबा म्हणतात. काल एकाने त्याच्यावर चपला वाळत घातल्या. परवा वरण ओतलं."

"उत्तम केलं," आतून आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे. कारखाना त्यांचा, आणि आखणीही मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"चेहरा दिला की तीच मुलं वेगळी वागतील, असं आमचं म्हणणं आहे आबा. आधी बिनचेहऱ्याचा ठेवला, आता चेहऱ्याचा ठेवून बघायचाय."

आबा उठून आले. पिंपाभोवती एक चक्कर मारली.

"याला दिसतं कुठून?"

शर्वरीने वाकून चाकाच्या वर, वीतभर उंचीवर, एक बारीक भोक दाखवलं. "इथून. भिंत आली, खुर्ची आली, कोणाचा पाय आला, एवढंच कळतं. धडकू नये म्हणून."

"मग डोळे वर कशाला?"

"मुलांसाठी."

"म्हणजे देखावा." आबांनी मान हलवली. "नको बाई. ज्याला दिसत नाही त्याला डोळे देऊ नयेत."

मला हसू आलं. "आबा, आपण जन्मभर दुसरं काय करतो?"

"आपण देतो ते देवाला देतो. पुढचं तो बघून घेतो," असं म्हणून ते परत आपल्या जागेवर जाऊन बसले. आबांचं बोलणं तसं कमीच, आणि त्या दिवसांत मला ते कमीच ऐकू यायचं. मी चाळिशीला आले होते, हातात कसब होतं. पेणपासून मुंबईपर्यंत लोक म्हणायचे, डोळे बघायचे तर कुंदावहिनींच्या हातचे. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढायला आणखी काय लागतं?

शर्वरीला गोल, टपोरे, चित्रातल्या सशासारखे डोळे हवे होते. मी म्हटलं, "ते तुझं तू स्केचपेनने काढ. माझ्याकडे आलीस तर मी काढते तसेच काढणार." गौरीच्या मुखवट्याचा एक साचा होता, त्यातून कागदाच्या लगद्याचा चेहरा काढला. नाकातली नथ नको, कपाळावर चिरी नको. साधी, भरल्या गालांची, घरातली वाटेल अशी बाई. तो पिंपाला बसवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे काढले.

आमच्यात आखणीची एक रीत आहे. मूर्ती पुरी रंगून झाली की सगळ्यात शेवटी डोळे. तोवर ती माती. तिच्यावर हात टेकून पोरं चहा पितात, कोणी तिच्या गुडघ्यावर टोपी ठेवतं. डोळे झाले की मग तिच्यासमोर शिवी देत नाहीत, तिला पाठ करून जेवायला बसत नाहीत. हे कोणी शिकवत नाही, आपोआप होतं. आणि नजर अशी साधायची की समोर उभं राहा, डावीकडे जा, उजवीकडे जा, तिने तुमच्याकडेच बघायला हवं. त्यासाठी बुबुळ कुठे टेकवायचं, बाहुल्या केसभर कुठे सरकवायच्या, हे हाताला कळावं लागतं. माझ्या हाताला ते कळत होतं. यंत्राला तसली नजर देऊ नये, हे मात्र माझ्या डोक्याला कळलं नाही. गणपतीला जे द्यायचं तेच मी त्या पिंपाला दिलं, कारण मला दुसरं काही काढताच येत नव्हतं.

डोळे झाले आणि शर्वरी दोन पावलं मागे सरकली. मग डावीकडे गेली. मग उजवीकडे.

"बापरे," ती म्हणाली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिंप पाळणाघरात गेला, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. बावीस पोरं एका खोलीत आणि आवाज नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याने चपला वाळत घातल्या होत्या तो नैतिक हिराबाईच्या पदराआड गेला. शेवटी पुढे झाला तो वेदू. वेदू अडीच वर्षांचा, आमच्याकडे मूर्ती घासायचं काम करणाऱ्या भारतीचा धाकटा. त्याने हातातलं अर्धं बिस्किट त्या चेहऱ्याकडे उचललं आणि म्हणाला, "मावची, घे."

झालं. डब्याची मावशी झाली. "तो" होता त्याची एका सकाळीत "ती" झाली, आणि आम्हीही तिला ती म्हणायला लागलो.

शर्वरीकडे प्रश्नांचा एक कागद होता. पंधरा दिवसांपूर्वी तिने प्रत्येक मुलाला जे विचारलं होतं तेच आता परत विचारलं. नैतिकला विचारताना मी तिथेच होते.

"याला दिसतं का रे?"

"हो. सगळं."

"मागचंसुद्धा?"

"मावशीला मागचं पण दिसतं."

"तू खोटं बोललास तर तिला कळेल?"

नैतिकने नुसती मान डोलावली आणि मावशीकडे न बघता मला म्हणाला, "काकू, मी जाऊ?"

पंधरा दिवसांपूर्वी याच पोराने सांगितलं होतं, की डब्याला काहीच दिसत नाही, तो डबाय. आतलं यंत्र तेच, आवाज तोच, गाणी तीच. शर्वरीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बावीसातल्या एकोणीस जणांनी "दिसतं" म्हणून सांगितलं होतं.

मग हळूहळू जे व्हायला लागलं ते चांगलंच वाटत होतं, हेच तर वाईट. पोरं भांडेनाशी झाली. कोणी कोणाला चिमटा काढला की दुसरं म्हणायचं, "मावशी बघतेय हं!" आणि हात तिथल्या तिथे थांबायचा. हिराबाई तर खूश. आधी दिवसभर ओरडून तिचा घसा बसायचा, आता ती भाकरी खाताना नुसती हनुवटीने मावशीकडे खूण करायची. पोरं तिच्या कानाशी लागून काहीबाही सांगायची. मावशीचं यंत्र असं होतं, की कोणी काहीही विचारलं आणि तिला ते कळलं नाही तर ती गोड आवाजात म्हणायची, "हो." मावशी, उद्या आई लवकर येईल? हो. मावशी, मी हुशार आहे? हो. पोरांना याहून काय हवं?

एक लहानगी मात्र मोरीकडे जायलाच तयार होईना, कारण वाटेत मावशी. ती बसल्या जागी भिजवायची. हिराबाई म्हणाली, "व्हईल सवय." मी मावशीला जरा कोपऱ्यात सरकवलं. पण कोपऱ्यातून तर तिला सगळी खोली दिसायची, म्हणजे दिसते असं वाटायचं. त्या दिवशी बाहेर पडताना माझ्या पाठीला काहीतरी जाणवलं आणि मी वळून बघितलं. मीच काढलेले डोळे माझ्याकडेच बघत होते. मी स्वतःशी हसले, पण पदर सारखा केला.

मग काम वाढलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "सुलभाला पॅकिंगला घेऊ का? पाळणाघर आता शांत असतं." मी म्हटलं, "घ्या की. हिराबाई आहे, मावशी आहे." असं मी म्हटलं. चेष्टेत म्हटलं, पण सुलभा दुसऱ्या दिवशी पॅकिंगला आली.

तो शुक्रवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. नैतिकचा पाय पत्र्याला कापला, चांगलाच. हिराबाई त्याला कडेवर घेऊन धावत आमच्या शेडच्या मागच्या दाराशी आली. पाळणाघराची आणि आमची भिंत एकच, मध्ये तेवढं दार. आत कॉम्प्रेसर चालू, तीन ठिकाणी स्प्रे चालू, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

"गो बायांनो! डाक्टरकडं जातंय. पोरांकडं बगा जरा!"

आतून कोणीतरी "हो" म्हणालं. हिराबाई गेली.

पाच-सात मिनिटांनी सानिका पुढच्या शेडमध्ये आली. सानिका ही वेदूची बहीण, सात वर्षांची. सकाळची शाळा करून ती दुपारी पाळणाघरात यायची आणि खरं तर वेदूला तीच सांभाळायची. तिने आईकडे बिस्किटाचा पुडा मागितला. भारतीचे हात पॉलिशपेपरच्या भुकटीने पांढरे झाले होते, तिने पोरीला म्हटलं, "पिशवीत बघ." पुडा सापडायला वेळ लागला. भारतीने तिची वेणी सुटलेली बघितली आणि तिथेच बसवून घातली. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

पाळणाघराच्या मागे, त्याच्या दुसऱ्या दाराबाहेर, आमचा शाडू भिजवायचा हौद होता. खोल नव्हता, मोठ्या माणसाच्या मांडीएवढा. त्यावर एरवी पत्रा असायचा. त्या दिवशी सकाळी आमच्या माती मळणाऱ्या दत्तूने माती काढली आणि दुपारी परत काढायची म्हणून पत्रा बाजूला ठेवला होता. दत्तू घमेलं घेऊन गेला आणि त्याचा जो आवाज आला तो कॉम्प्रेसरच्या वर ऐकू आला.

वेदूला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मला त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. त्याच्या केसांत शाडू वाळला होता आणि भारती तो नखाने काढत बसली होती, एवढंच मी बघितलं आणि बाहेर आले.

पोलिसांनी जबाब घेतले, अपघात म्हणून लिहिलं. पण गल्लीतल्या बायकांचं तेवढ्याने भागलं नाही. सात-आठ दिवसांनी सगळ्या पाळणाघरात जमल्या. चारही कारखान्यांचे मालक आले. शर्वरीला बोलावून घेतलं होतं. ती रडून रडून सुजली होती. तिने यंत्र आधीच गाडीत भरलं होतं, पण बायकांनी ते परत उतरवायला लावलं. "तिला पन समोर उबी करा," हिराबाई म्हणाली. म्हणून मावशी दाराशी उभी होती, सगळ्यांकडे बघत. मी तिच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून. मला दाराजवळ राहायचं होतं.

"मी शेवटाला काय इच्यारतंय," हिराबाई म्हणाली, "मी सांगून गेले व्हते. आतून हो आला. मना नीट आयकू आला. बाईमानसाचा आवाज व्हता. कोन बोलली?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"भारते, तू?"

"मी फुडल्या शेडला व्हते," भारती म्हणाली. तिचा आवाज लाकडासारखा झाला होता.

"मंदा? सुलभे? वहिनी?"

प्रत्येकीने नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली.

"मग मी खोटं बोलतंय?" हिराबाई रडायला लागली. "आयकलंय मी!"

तेव्हा सुलभा हळूच म्हणाली, "मावशीच बोलली असंल. ती सगल्याला हो बोलते."

शर्वरी म्हणाली, "पण ती तर भिंतीच्या या बाजूला होती..." आणि तिचं तिलाच पटेना. दार उघडंच असायचं. ती पुढे आली, वाकली आणि विचारलं, "मावशी, पोरांकडे लक्ष ठेवशील?"

"हो," मावशी म्हणाली.

कोणीतरी देवाचं नाव घेतलं. हिराबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती बोट नाचवत ओरडली, "ह्योच! ह्योच आवाज! हीच बोलली मना!"

मी बघत होते. हिराबाई खोटं बोलत नव्हती. तिला आता खरंच तसं आठवत होतं.

मग भारती उठली. इतके दिवस तिने लेकीला जवळ घेतलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सानिका भिंतीला चिकटून बसली होती, फ्रॉकची लेस बोटाला गुंडाळत. भारती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू त्याला कोनाच्या भरोशावर सोरून आलीस?"

सानिकाने लेस आणखी घट्ट गुंडाळली.

"बोल ना गो! अडीच वर्साचा पोर तो, तू कधी सोरला नाय त्याला. त्याच दिवशी कोनाच्या भरोशावर आलीस?"

सानिकाने मान वर केली. खोलीभर नजर फिरवली. मग तिने हात उचलला आणि दाराकडे बोट केलं.

दाराशी मावशी उभी होती.

बायकांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला. "अरे देवा. लेकरू फसला," मंदा म्हणाली. "तिला काय ठावं, त्या डोल्यांना दिसत नाय म्हणून?" शर्वरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि भारती, जी इतके दिवस दगड होऊन बसली होती, ती एकदम खाली बसली, लेकीला ओढून मांडीत घेतलं आणि धाय मोकलून रडली. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा राग त्या पिंपावर गेला. कोणीतरी त्याला लाथ मारली. आबांनी पुढे होऊन मुखवटा उतरवला आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

दाराशी मावशी उभी होती, आणि मावशीच्या मागे मी उभी होते.

तो "हो" माझा होता. मागच्या दाराला सगळ्यात जवळ माझं टेबल. हिराबाई ओरडली तेव्हा माझ्या हातात बुबुळ होतं, मी मान न वळवता "हो" म्हटलं. बुबुळ झाल्यावर मी उठलेसुद्धा. पाळणाघराच्या दारात गेले, आत डोकावले. पोरं खेळत होती. वेदू ठोकळे मांडत होता, सानिका त्याच्याजवळ होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आहे मी, अशी. आणि मग माझी नजर कोपऱ्यात गेली. मावशी सगळ्या खोलीवर नजर ठेवून उभी होती. काय सांगू, माझ्या जिवाला बरं वाटलं. आहे की कोणीतरी, असं वाटलं. ज्या बाईने ते डोळे ब्रशने काढले त्याच बाईला वाटलं. नैतिक चार वर्षांचा होता. मी चाळीस वर्षांची होते. मी परत टेबलाशी आले आणि दुसरं बुबुळ घेतलं. हौदाकडच्या दाराला कडी आहे का, हे मी बघितलं की नाही, ते मला आजपर्यंत आठवलेलं नाही.

आणि त्या सभेत सानिकाचं बोट वर आलं, तेव्हा पहिल्या क्षणी मला कळलं होतं. बोट पिंपाच्या डोक्यावरून जात होतं. पण दुसऱ्याच क्षणी सगळ्या म्हणाल्या, मावशी, मावशी. आणि मी सुटले. भारतीने लेकीला पोटाशी धरलं ते बघून मी स्वतःला सांगितलं, की बघ, पोरीचंही भलंच झालं. माणसाला आपल्या सोयीचं पुण्य किती लवकर सापडतं!

शर्वरीने नंतर तिचा अहवाल मला पाठवला. चांगली पोरगी, तिने काहीही लपवलं नव्हतं. त्यात एक पानभर सानिकाबद्दल आहे, नाव न घेता. सात वर्षांच्या मुलीने केवळ डोळ्यांमुळे यंत्राला माणूस मानलं आणि धाकट्या भावाला त्याच्या हवाली केलं, असं त्यात लिहिलं आहे. लहान मुलांच्या यंत्रांना माणसासारखे डोळे देऊ नयेत, असंही लिहिलं आहे. ते बरोबरच आहे. फक्त बावीसातल्या ज्या तिघांनी "दिसत नाही" म्हणून सांगितलं होतं, त्यांत एक सानिका होती, हे शर्वरीने परत तपासून बघितलं नाही. ते मला अहवालाआधीच कळलं होतं, सानिकाच्याच तोंडून.

सभा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या होत्या. मी एकटीच टेबलाशी होते. आखणी पुरी व्हायची होती आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही.

"काकू."

सानिका टेबलाच्या कडेला उभी होती.

"काय गं बाळ? जेवलीस?"

"मी तुमच्याकडे बोट केलं होतं."

माझा हात थांबला. मी ब्रश खाली ठेवला.

"मावशीला दिसत नाही, मला माहीताय," ती म्हणाली. "मी त्या ताईंना सांगितलं पण होतं. तुम्हीच इथे बसून काढलेत तिचे डोळे, मी बघितलं. तुम्ही दारात आलात ना, म्हणून मी बिस्किट आणायला गेले. तुम्ही मान हलवलीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. तिला फक्त कोणीतरी "बरोबर" म्हणायला हवं होतं. तेवढंच हवं होतं तिला. मी तिला जवळ घेऊन म्हणू शकले असते, की हो गं पोरी, मीच होते, चल आईकडे. भारती वीस पावलांवर बसून जेवत होती.

मी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यांवर हात ठेवले.

"नाही गं राजा," मी म्हटलं. "मी कुठे आले होते? मी इथेच होते, आखणी करत."

"पण तुम्ही—"

"ती मावशी होती. तिचा चेहरा बाईचाच की नाही? तुला वाटलं काकू. भीतीत होतं असं. तू बोटसुद्धा तिच्याकडेच केलंस, सगळ्यांनी पाहिलं. आईने पाहिलं. सगळ्या खोट्या बोलतील का?"

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी नजर हलवली नाही. नजर कशी स्थिर ठेवायची हे मला जितकं कळतं तितकं पेणमध्ये कोणाला कळत नसेल. तिच्या कपाळाला आठी पडली, ती काहीतरी आठवू बघत होती, आणि माझ्यासमोर ती आठी हळूहळू गेली.

"मला वाटलं होतं, तिला दिसतं?" तिने विचारलं.

"हो बाळा. लहान मुलांना वाटतं तसं. तुझी काही चूक नाही त्यात."

तिने मान हलवली. मग फ्रॉकला हात पुसले आणि जेवायला गेली.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. आबा गेले. सानिका आता एकोणीस वर्षांची आहे आणि आमच्याकडेच रंगकामाला येते. हात फार चांगला आहे तिचा. हंगामात नवीन बायका आल्या की कोणीतरी वेदूचा विषय काढतंच. मग सानिका स्वतःच सगळं सांगते, मावशीचा चेहरा कसा होता, ते डोळे कसे बघायचे, ती कशी तिच्या भरवशावर भावाला सोडून गेली. एक अक्षर चुकत नाही. भारती ऐकता ऐकता रडायला लागते, आणि सानिका आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "मी लहान होते गं आई. मला कळलं नाही. माझं चुकलं." दर वर्षी म्हणते. मी तिथेच टेबलाशी बसलेली असते.